नाही म्हणण्याची तालीम

किल्लीवाल्याला नाही म्हणता येत नसे. हात-पाय धड होते, नजर तर इतकी तेज की कुलपाच्या भोकात एकदा डोकावून आतल्या पिना किती झिजल्यात ते सांगायचा. पण देवाकडून त्याच्या घशात हा एक शब्द बसवायचा राहून गेला होता. देवाला तरी किती बोल लावायचा? एवढी माणसं घडवायची म्हटल्यावर एखाद्याचा एखादा सुटा भाग राहायचाच. तक्रार करायचा खरा हक्क बायकोचा, कारण हा नग तिच्या वाट्याला आला होता.

त्या सुट्या भागाअभावी त्याच्याकडे पाच क्रेडिट कार्डं जमली होती. त्यांतल्या एकावरही त्याने कधी साधी काड्यापेटी घेतली नव्हती. व्हायचं असं की टाय लावलेला एखादा माणूस भर उन्हातून दुकानाच्या पायरीशी यायचा, रुमालाने मान पुसायचा आणि म्हणायचा, "काका, फक्त एक सही." तो घाम बघूनच किल्लीवाला विरघळायचा. आधी पाणी द्यायचा, मग सही द्यायचा. एका कार्डाबरोबर प्रवासाची बॅग फुकट मिळाली होती. तिची चेन पहिल्याच आठवड्यात दात पाडून बसली. बायकोने ती उसवून नवी लावली. ते शेजारणीने पाहिलं आणि आपली बॅग आणून दिली. मग शेजारणीच्या जावेने आणली. असं करत करत दुकानामागच्या खोलीत, जिथे गंजकी कुलपं आणि उंदीर गुण्यागोविंदाने नांदत होते, तिथे बायकोचं बॅगा दुरुस्त करण्याचं काम उभं राहिलं. खिडकीला लागून लांब टेबल, त्यावर शिलाई मशीन, भिंतीला चेनींची रिळं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी घरात एक अशी जागा झाली होती, जिथे ती असताना इतर लोक दारावर टकटक करून आत यायचे.

आणि ही खोली आता दादाला हवी होती.

दादा म्हणजे किल्लीवाल्याचा थोरला भाऊ. आयुष्यभर पाणीपट्टीच्या खिडकीमागे बसून निवृत्त झालेला. निवृत्त झाल्यावर कोणी बागकाम करतं, कोणी आजारी पडतं. दादाला देवाच्या गोष्टी गाऊन सांगण्याचा नाद लागला. दोन ओळी गायच्या, मग त्यांचा अर्थ सांगायचा, मध्येच बोटातल्या अंगठीने समोरच्या लाकडावर ताल धरायचा, आणि पुन्हा गायचं. भाव अगदी खरा. डोळ्यांत पाणी यायचं, स्वतःच्याच. आवाज मात्र असा की सुरू झाला की शेजारचा कुत्रा उठून रस्त्यापलीकडे जाऊन बसे. देव दयाळू आहे, त्यातून त्याला ऐकून घेण्याची सवय आहे. शेजाऱ्यांचं तसं नसतं. त्यांनी तक्रार केली, मग सुनेने केली, शेवटी मुलाने "बाबा, कुठेतरी एखादी खोली बघा" म्हणून सांगितलं. दादाने डोळे मिटून विचार केला तेव्हा त्याला आपल्या धाकट्या भावाच्या दुकानामागची खोली दिसली. त्याने फोन केला, "रविवारी येतो. मागच्या खोलीचं बोलायचंय."

"ये की," किल्लीवाला म्हणाला. तो दुसरं काय म्हणणार होता?

शनिवारी सकाळी बायको दुकानात आली आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. ती त्या स्टुलावर बसली की किल्लीवाला कानस खाली ठेवायचा.

"उद्या भाऊजींना तुम्ही नाही म्हणायचं," ती म्हणाली.

"मी?"

"मग कोण, कुलूप?"

"तू म्हण की. तुला छान जमतं."

"जमणारच. तुम्ही सवयच तशी लावलीत. पैसे मागितले कोणी, की 'घरातून नको म्हणतात'. राहायला यायचं म्हटलं, की 'घरातून नको म्हणतात'. तुमच्या सगळ्या नात्यात मी कैदाशीण झालेय. परवा तुमची मामी मला बघून पोरांना मागे ओढत होती."

"मामीला दिसत नाही नीट."

"मला बरोबर दिसलं ना. तर या वेळी नाही म्हणायचं, तुमच्या तोंडाने आणि तुमच्या नावाने. माझं नाव मध्ये आलं, तर मी खोली देऊन टाकेन भाऊजींना. मशीन उचलेन आणि बहिणीकडे जाऊन काम करेन. मग रोज सकाळी मागून देवाची गोष्ट ऐका आणि किल्ल्या घासा."

ती रागावून बोलली असती तर किल्लीवाल्याला बरं वाटलं असतं, राग उतरतो. ती अगदी शांतपणे बोलत होती आणि बोलता बोलता त्याच्या गल्ल्यावरची धूळ पुसत होती. तिने मनात बहिणीच्या घरी मशीन कुठे ठेवायचं तेसुद्धा ठरवलंय, हे त्याला तिच्या हातावरून कळलं.

तेवढ्यात बायकोची भाची आली. ती हिशेबनिसांच्या कार्यालयात कामाला होती आणि तिच्या लॅपटॉपच्या बॅगेचा बंद तुटला होता. मावशी आणि काका असे समोरासमोर बसलेले बघून ती म्हणाली, "कोणी गेलं का?"

"अजून नाही," मावशी म्हणाली. "उद्या जाईल. तू सांग, तुझ्या काकांना नाही म्हणायला शिकवायचं तर कुठून सुरुवात करायची?"

भाचीने थोडा विचार केला. "ती कार्डं आहेत ना, न वापरलेली? ती बंद करा. बँकेला फोन करून नको म्हणायचं. ओळखीचं माणूस नाही, चेहरा दिसत नाही. याहून सोपं नाही म्हणणं जगात नसेल."

मावशीचा चेहरा उजळला.

"पण सगळी नका करू हं," भाची म्हणाली. "सगळ्यात जुनं आहे ते ठेवा. बँक बघते की हा माणूस किती वर्षं नीट वागलाय. सगळी एकदम बंद केलीत तर तुम्ही काल जन्माला आल्यासारखे दिसाल. जी वर्षाला फी कापतात ती बंद करा. फुकटचं एखादं राहू दे, पण अधूनमधून त्यावर काहीतरी घ्या. आणा बघू, कुठली फीवाली आहेत ते बघते."

किल्लीवाल्याने हत्यारांची पेटी उघडली आणि कार्डं काढून काउंटरवर मांडली. भाची बघतच राहिली. एकाही कार्डावर नाव उरलं नव्हतं. आकडे घासून गेले होते, कडा चावल्यासारख्या झाल्या होत्या, एक तर मधोमध असं वाकलं होतं की काउंटरवर पालथं ठेवलं तर झुलत होतं.

"काका, तुम्ही तर म्हणता वापरत नाही."

"खरेदीला नाही वापरत. दारांना वापरतो." त्याने एक उचललं. "ओढून घेतलं की आपोआप लागतं ना, त्या लॅचला. लोक दूध घ्यायला बाहेर येतात, वाऱ्याने दार लागतं. हे फटीत सरकवायचं, जरा दाबायचं, की आलं. लोखंडी पट्टीने चौकटीला ओरखडे पडतात. याने नाही. बँका प्लास्टिक फार चांगलं देतात."

"मग यातलं जुनं कुठलं?"

"हे वाकलेलं. याने दंतवैद्याचं दार उघडलं होतं, बिचारा टॉवेलवर बाहेर होता." तो आठवणीत रमला. "हे निळसर. हे फक्त वरच्या मजल्यावरच्या बाईंसाठी, त्यांचं दार फुगतं. बंद करायचं म्हणजे बँक म्हणेल कापून टाका. मग मी काय फटीत बोट घालू?"

"बंद केलेल्या कार्डानेही दार उघडतं, काका. दाराला कुठे माहीत असतं?"

हे त्याला पटलं. पटलं म्हणजे आता दुसरं कारण शोधावं लागणार होतं. भाचीने त्याचा मोबाइल घेतला, जुने मेसेज चाळले आणि फी कापणाऱ्या दोन बँका शोधून काढल्या. पहिलीला फोन लावून स्पीकर चालू केला आणि फोन त्याच्यासमोर ठेवला. मावशी स्टूल पुढे ओढून बसली. प्रवचनाला सगळ्यात पुढची जागा मिळाल्यासारखी दिसत होती ती.

बराच वेळ वाद्य वाजलं. मग एका मुलीचा आवाज आला. तिला सर्दी झाली होती.

"कार्ड बंद करायचं आहे," किल्लीवाला म्हणाला. मावशीने मान डोलावली.

"नक्कीच सर. तुमच्यासारखा ग्राहक आमच्यासाठी फार मोलाचा आहे. बंद करण्याआधी मी तुम्हाला एक छान सुविधा सांगू का?"

किल्लीवाल्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने ओठांनी त्या शब्दाचा आकार काढून दाखवला.

"तुम्हाला सर्दी झालीये का हो?" किल्लीवाला म्हणाला.

"हो सर. इथे एसी फार असतो."

"गरम पाण्याची वाफ घ्या. सुट्टी देत नाहीत का?"

"महिना संपेपर्यंत नाही सर. तेवढी सुविधा घेतलीत तर माझं या आठवड्याचं काम पुरं होईल."

पुढचं सांगण्यासारखं नाही. फोन ठेवला तेव्हा जुनं कार्ड तसंच होतं आणि त्याच बँकेचं एक सोनेरी कार्ड घरी यायला निघणार होतं.

"सहा," भाची म्हणाली.

"तिला ताप असणार," किल्लीवाला म्हणाला.

दुसऱ्या बँकेत एक गृहस्थ भेटले. त्यांचा आवाज लग्नकार्यात पाहुण्यांची विचारपूस करणाऱ्या यजमानासारखा होता. "सर, बंद का करताय? आमच्याकडून काही चूक झाली का?"

"नाही, नाही, नाही," किल्लीवाला घाईघाईने म्हणाला. "तुमची कसली चूक?"

"तर मग ठेवू या सर, काही चूक नाही तर."

"बरं."

बायकोने फोन बंद केला आणि दुकानाच्या छताकडे बघून म्हणाली, "देवा, तीन वेळा म्हणाला. सलग तीन वेळा, आणि तेही नको तिथे." तिने छताकडे बघत थोडा वेळ वाट पाहिली. वरून काही उत्तर आलं नाही. वर बहुधा सगळ्या लाइन व्यस्त असाव्यात.

भाचीने बॅगेचा बंद लावून घेतला आणि जाताना काकांच्या खांद्यावर थाप मारली. आजारी माणसाला भेटून निघताना मारतात तशी.

रविवारी दुकान बंद असे. अर्धं शटर खाली ओढून तिघं आत बसले. दादाने नवा सदरा घातला होता. चहा झाला, गुडघेदुखी झाली. मग दादाने अंगठीने काउंटरवर हलकेच ताल धरला. मुद्द्यावर यायची वेळ झाली की तो असं करायचा.

"देवाचं काम आहे," दादा म्हणाला, "म्हणून मागतोय. माझ्यासाठी नसतं मागितलं."

हीच तर खरी अडचण होती. आजवर नाही म्हणायचं राहिलं ते विक्रेत्यांना, मामीला, बँकेला. इथे तर थेट देव दादाचा हात धरून दारात उभा होता. किल्लीवाला काल संध्याकाळी यावर फार विचार करत बसला होता आणि त्याला एक युक्ती सुचली होती. बँकेने त्याला काल एकदाही नाही म्हटलं नव्हतं, तरी त्याचं एकही काम केलं नव्हतं. ही विद्या त्याने उचलायचं ठरवलं.

"दादा, तुमची मागणी माझ्यासाठी फार मोलाची आहे," तो म्हणाला.

दादाचा ताल थांबला.

"मी ती लिहून घेतो. त्यावर विचार होईल. साधारण आठ-दहा दिवसांत तुम्हाला कळवण्यात..."

"अरे ए," दादा म्हणाला. "मी तीस-बत्तीस वर्षं खिडकीत बसलोय. ही भाषा मी लोकांना शिकवलीये. 'अर्ज विचाराधीन आहे' म्हटलं की तो अर्ज कुठे जातो ते मला माहीत आहे. मीच त्यावर चहाचा कप ठेवायचो. मला खिडकीतून बोलू नकोस."

किल्लीवाल्याने बायकोकडे पाहिलं. बायको भिंतीला टेकून उभी होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती, मागच्या खोलीकडे बघत होती. तिथे टेबलावर टपाल वाटणाऱ्या बाईंची खाकी थैली उलटी करून ठेवलेली होती, अर्धी शिवलेली.

आणि किल्लीवाल्याचा मोबाइल वाजला. त्याने उचलला, हाताला लागला तसा. चुकून स्पीकर दाबला गेला.

"नमस्कार सर, तुम्ही काल मागवलेल्या सोनेरी कार्डाची खात्री करायची होती." कालचीच मुलगी. सर्दी जास्तच झाली होती. "पाठवू ना सर?"

रविवारी पण कामाला लावतात हे, किल्लीवाल्याच्या मनात आलं, आणि त्याच वेळी दादाची बोटं पुन्हा काउंटरवर वाजू लागली. ती मुलगी एका कानात, तो ताल दुसऱ्या कानात, आणि समोर बायको, जिला आता खोलीकडे बघण्यापलीकडे काही करायचं उरलं नव्हतं. माणूस एका वेळी सगळ्यांना हो म्हणू शकतो. पण एका वेळी सगळ्यांना खूश कसं करायचं ते त्याला पन्नास वर्षांत सापडलं नव्हतं, आणि आता ते शोधायचा त्याला एकदम कंटाळा आला.

"नको," तो म्हणाला.

"सर?"

"सोनेरी नको. पहिलंही नको. ते बंद करा."

"सर, कारण काय लिहू?"

"नको आहे म्हणून."

"सर, तसा पर्याय यादीत नाही. फी जास्त, सेवा असमाधानकारक, परगावी स्थलांतर किंवा निधन."

"मग 'इतर' असेल ना खाली."

पलीकडे टकटक झालं. "आहे सर. झालं बंद." आणि मग तिच्याच आवाजात, पाठ न केलेलं, "वाफ घेतली होती मी."

"परत घ्या," म्हणून त्याने फोन ठेवला.

दादाने बायकोकडे पाहिलं, मग भावाकडे.

"चांगलं बोलता येतं की तुला," तो म्हणाला. "कधीपासून?"

"आत्ताच."

"मग मलाही तसंच सांग. खोली देतोस का? एका शब्दात."

किल्लीवाल्याने तोंड उघडलं. 'घरातून' हा शब्द सवयीने जिभेवर येऊन बसला. बायकोने आता त्याच्याकडे पाहिलं. त्याने तो गिळला.

"नाही," तो म्हणाला. मग एक शब्द फार थोडा वाटला म्हणून, "मीच नाही म्हणतोय. तिने सांगितलं म्हणून नाही. ती मागे मशीन चालवते ना, तो आवाज मला इथे ऐकू येतो. किल्ली घासताना बरं वाटतं. थांबला तर मी उठून बघून येतो काय झालं. दादा, तू देवाचं काम करतोस, मी नाही म्हणत नाही. पण मला तो आवाज मागून हवाय. तुझा नको."

हे म्हणताना त्याचे कान लाल झाले होते. बायको चुन्याच्या पोपड्याशी नखाने काहीतरी करू लागली. ते काय होतं ते तिलाही सांगता आलं नसतं.

दादाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्याला वाईट वाटलं होतं आणि ते तो लपवत होता. खिडकीतल्या माणसाला हे चांगलं येतं. तो म्हणाला, "बरं. विचारायचं काम होतं, विचारलं."

तो दाराकडे निघाला तेव्हा बायकोला राहवलं नाही. "भाऊजी, थांबा. सकाळी लवकर, मी यायच्या आधी, दोन तास तुम्ही..."

"नाही," किल्लीवाला म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडे पाहिलं.

"मी बोलतेय ना," बायको म्हणाली.

"मी पण बोलतोय. दोन तास म्हणजे तीन होतील. तुला खोली उघडावी लागेल, त्याचा चहा करावा लागेल. नाही."

बायकोने काल दिवसभर जिची वाट पाहिली ती गोष्ट दारात आली होती आणि आल्या आल्या तिच्याच अंगावर धावली होती.

"मग मी गाऊ कुठे?" दादाने विचारलं. हा प्रश्न त्याने रागाने केला नव्हता, खरंच विचारत होता.

किल्लीवाल्याने स्टूल पुढे सरकवलं. "इथे. आत्ता. मी तुझं कधी शेवटपर्यंत ऐकलेलंच नाही. सगळे मधेच उठवतात तुला. आज कोणी उठवणार नाही. खोली नाही देणार, पण ऐकतो."

दादा बसला. आधी जरा फुगून बसला, मग अंगठी आपोआप लाकडावर गेली. गोष्ट होती एका धोब्याची. त्याच्याकडे देवाची शाल धुवायला आली होती आणि त्याने ती हरवली. देव रोज संध्याकाळी घाटावर येऊन विचारायचा, "झाली का रे माझी शाल?" आणि धोबी रोज सांगायचा, "वाळतेय." थंडी पडू लागली. देव कुडकुडत यायचा, विचारायचा आणि परत जायचा. दादा गात होता. सूर कुठल्या कुठे जात होता, पण तो देव थंडीत कुडकुडत चालत यायचा तेव्हा दादाचा आवाज असा खाली यायचा की किल्लीवाल्याने नकळत आपले हात काखेत घातले. बायको बॅग शिवायला जाते म्हणून निघाली होती ती दारातच उभी राहिली. शटरखालून कोणीतरी डोकावून विचारलं, "किल्ली मिळेल का?" तर किल्लीवाला वळूनही न बघता म्हणाला, "आज नाही."

शेवटी एके दिवशी बर्फ पडला. घाटावर कोणी नव्हतं. धोब्याने स्वतःची घोंगडी काढली आणि थरथरत देवापुढे धरली. म्हणाला, खरं सांगतो देवा, तुझी शाल हरवली.

दादा थांबला. अंगठीही थांबली.

"मग?" बायको म्हणाली. "देव काय म्हणाला?"

दादाने दोघांकडे पाहिलं. मग तो अवघडून हसला.

"पुढचं अजून बसवलेलं नाही," तो म्हणाला. "इथपर्यंत मला कधी कोणी येऊच दिलं नव्हतं."

"काय हो भाऊजी," बायको म्हणाली, आणि स्टूल नव्हतं म्हणून हत्यारांच्या पेटीवरच बसली. "देवाला बर्फात उभं करून ठेवलंत की. आता बसवा काहीतरी. आम्ही थांबतो."